घाण गेली कुठे? दलदल पाणी धुते म्हणजे नेमकं काय करते

नागपूरच्या अंबाझरी तलावावर जलकुंभीची हिरवी चादर पसरली की काही दिवसांत बातमी येते : तलाव आता नैसर्गिक पद्धतीनं स्वच्छ करणार. कधी त्यात तरंगते वाफे असतात, कधी जिवाणूंची पावडर, कधी नाल्याच्या तोंडाशी कर्दळीची लागवड. वाचणाऱ्याला दोनच टोकं दिसतात. एक तर निसर्ग सगळं करतो म्हणून मान डोलवायची, नाहीतर झाडं लावून कुठे मैला साफ होतो का, म्हणून पान उलटायचं.

खरी गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे आणि ती हिशेबानं समजते. त्यासाठी नागपूरहून थेट समुद्रकाठी जावं लागतं, कारण पाणी धुण्याची ही कला सर्वांत पक्की जमते ती खाडीकाठच्या दलदलीला. आपलं पाणीही शेवटी तिकडेच जातं. नाग नदी शहर ओलांडून कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत शिरते. तिथपासून गोसीखुर्द धरणाचं पाणी, मग वर्धा आणि वैनगंगेची प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरी आणि शेवटी आंध्रात काकीनाड्याजवळचं कोरिंगाचं खारफुटीचं जंगल. आपला मैला तसाच्या तसा तिथं पोचत नाही. बराचसा वाटेत कुजतो, बराचसा धरणाच्या गाळात अडकतो. पण ‘कुजतो’ आणि ‘अडकतो’ यांत जो फरक आहे, तोच या लेखाचा विषय आहे.

पंगत आणि वाढपी

पहिला गैरसमज असा की झाडं घाण पितात. पितात, पण थोडी. मुख्य काम जिवाणूंचं. ते सांडपाण्यातले अन्नाचे कण, मैला, साबणाचा अंश खातात आणि त्याचा कार्बन डाय-ऑक्साइड करून हवेत सोडतात. खाण्यासाठी त्यांना लागतो ऑक्सिजन.

लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. जेवणारे जिवाणू, अन्न म्हणजे घाण आणि ऑक्सिजन म्हणजे वाढपी. जेवणारे हजार आहेत, अन्नाची पातेली भरलेली आहेत, पण वाढपी दोनच, तर अन्न पातेल्यातच आंबतं. नाल्यात नेमकं हेच होतं. तिथं जिवाणूंचा तुटवडा कधीच नसतो, वाढपी कमी पडतात.

किती कमी, ते मोजता येतं. पाण्यातली घाण खाऊन संपवायला जिवाणूंना जितका ऑक्सिजन लागेल त्या मापाला बीओडी म्हणतात. आपल्याकडे ते २७ अंश तापमानाला ३ दिवस ठेवून काढतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. ३० अंशांच्या स्वच्छ पाण्यात मात्र ऑक्सिजन मावतो लिटरला साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर सांडपाण्याची भूक भागवायला तीसेक लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन खर्ची पडतो. उन्हाळ्यात नागला तेवढं स्वच्छ पाणी मिळणार कुठून?

समुद्राचा फुकटचा भाता

खाडीकाठी हे वाढपी पुरवायची सोय निसर्गानं करून ठेवली आहे. दर बारा तास पंचवीस मिनिटांच्या आसपास भरती येते, मधे ओहोटी. ओहोटीला चिखलाच्या वरच्या थरातलं पाणी निथळतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. भरतीला पुन्हा पाणी चढतं. लोहाराच्या भात्यासारखं हे रात्रंदिवस चालू राहतं.

त्यात तिवराची भर. तिवर हे आपल्या किनाऱ्यावर सर्रास दिसणारं खारफुटीचं झाड. त्याच्या बुडाशी चिखलातून पेन्सिलीएवढ्या मुळ्या सरळ वर आलेल्या असतात. त्या आतून पोकळ, स्पंजासारख्या. वरून हवा घेतात, खाली मुळांपर्यंत नेतात आणि त्यातली थोडी भोवतालच्या चिखलात झिरपते. खेकड्यांची बिळंही हेच काम करतात. परिणाम असा की काळ्या, हवाबंद चिखलात मुळांभोवती आणि बिळांभोवती हवेचे पातळ थर तयार होतात. हवा असलेली जागा आणि नसलेली जागा यांत अंतर काही मिलिमीटरांचं.

ही शेजारसोय फार मोलाची आहे, कारण नायट्रोजनला दोन्ही लागतात. मूत्रातला नायट्रोजन पाण्यात अमोनिया होऊन येतो. हवा असलेल्या थरात एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. हवा नसलेल्या थरात दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू बुडबुड्यांनी वर जातो. हवेत तो आधीच ७८ टक्के आहे, त्याचा कुणाला त्रास नाही. नुसती हवा मारली तर काम नायट्रेटवर अडतं, नुसतं साचवून ठेवलं तर अमोनियावर. आळीपाळीनं दोन्ही मिळालं तरच नायट्रोजन खरोखर जातो.

काय जातं आणि काय नुसतं लपतं

प्रत्येक प्रदूषकाबाबत एकच प्रश्न विचारायचा : ते गेलं कुठे? कुजणारी घाण आणि नायट्रोजन यांना वायू होऊन निघून जायची वाट आहे. फॉस्फरसला ती नाही. साबण, मैला, खत यांतून आलेला फॉस्फरस मातीला चिकटतो किंवा झाडात शिरतो आणि तिथंच राहतो. झाड कुजलं की पुन्हा पाण्यात. तो बाहेर काढायचा तर झाड कापून किंवा गाळ उचलून न्यावा लागतो.

शिसं, जस्त, कॅडमियम यांसारख्या धातूंची गोष्ट आणखी वेगळी. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. हवाबंद चिखलातले जिवाणू ऑक्सिजन नाही म्हणून त्या सल्फेटवर भागवतात आणि सल्फाइड तयार होतं. खाडीच्या चिखलाला येणारा सडक्या अंड्यांचा वास त्याचाच. हे सल्फाइड धातूंना घट्ट धरतं आणि न विरघळणारी काळी पूड करून चिखलात बसवतं. पाणी धातूंपासून सुटतं. पण धातू नाहीसा झालेला नाही.

लोणच्याची बरणी आठवा. वर तेलाचा थर आहे तोवर खाली फोडी वर्षभर टिकतात. तेल ओतून टाकलं, हवा लागली की बुरशी धरते. दलदलीवरचं पाणी म्हणजे ते तेल. पाणी आटवलं, चिखल उकरून उन्हात पसरला, की हवा लागून सल्फाइडचं आम्ल होतं आणि इतकी वर्षं धरून ठेवलेले धातू पुन्हा मोकळे होतात. म्हणून धातूंनी लडबडलेली खाडी ‘स्वच्छ करायला’ पोकलेन उतरवणं हा बहुतेक वेळा सर्वांत वाईट उपाय ठरतो. तिथं पाणी कायम राहील आणि नवी घाण येणार नाही एवढं पाहणं हीच मोठी सफाई.

आपल्या गोड्या पाण्याच्या तलावांत सल्फेट खूप कमी, त्यामुळे ही तिजोरी तितकी पक्की नसते. पण धडा लागू पडतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही कल्पना खेड्यातल्या बोडीला (छोट्या तळ्याला), मामा (माजी मालगुजारी) तलावाला उत्तम. ज्या शहरी तलावात वर्षानुवर्षं नाल्याचं पाणी आणि रंगवलेल्या मूर्ती गेल्या, त्याचा गाळ मात्र धातूंची तपासणी केल्याशिवाय शेतात टाकू नये. दोन्ही गाळ काळेच दिसतात.

मग जलकुंभीच वाढू द्यावी का?

ती फॉस्फरस आणि धातू शोषते हे खरं. त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. हिशेब करू. ताज्या जलकुंभीत ९४-९५ टक्के पाणीच असतं. शंभर किलो ओढून काढली तर कोरडा पाला सहा किलोच्या आत, आणि त्यात फॉस्फरस ढोबळमानानं पंचवीस ग्रॅम. एका माणसाच्या सांडपाण्यातून रोज दीड ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस येतो. म्हणजे शंभर किलो ओली जलकुंभी काढली, वाहून नेली, तर एका माणसाचा जेमतेम पंधरवडा निघाला.

आणि न काढता तशीच ठेवली तर ती नुसतं नुकसान करते. पानांच्या चादरीमुळे पाण्याला हवा लागत नाही, ऊन खाली जात नाही, मेलेली झाडं तळाशी कुजून उरलासुरला ऑक्सिजन खातात. जलकुंभीला सफाई कामगार म्हणायचं, तर तिला दर आठवड्याला पाण्याबाहेर काढणारे हात आणि ट्रॅक्टर आधी लागतात. कडेला ढीग करून ठेवला तर पहिल्या पावसात त्याचा रस पुन्हा तलावात.

दलदल बांधता येते

भरती-ओहोटी नागपुरात आणता येत नाही, पण तिची नक्कल करता येते. गिट्टी आणि वाळूच्या वाफ्यात दलदलीची झाडं लावून त्यातून सांडपाणी सावकाश जाऊ द्यायचं, ही ती पद्धत. आपल्याच शहरातल्या नीरी या संस्थेनं याच तत्त्वावर फायटोरिड हे तंत्र विकसित केलं. उपकरण म्हणावं असं त्यात फारसं नसतं, त्यामुळे लोक त्याला बागकाम समजतात आणि तिथंच फसतात.

पन्नास घरांचा एक ले-आउट घ्या, दोनशे माणसं. माणशी १३५ लिटर पुरवठा धरला आणि त्यातलं ८० टक्के गडर लाइनला गेलं, तर रोज २१,६०० लिटर सांडपाणी. ते थेट वाफ्यात सोडायचं नाही. आधी गाळ बसायला टाकी. एका दिवसाचं पाणी आणि साचणारा गाळ मिळून ती ४०,००० लिटरच्या आसपास हवी. स्वयंपाकघराच्या पाण्याला त्याआधी तेल अडवणारा छोटा चेंबर, आठवड्याला एकदा साफ करायचा. गाळ टाकीच्या एक तृतीयांश उंचीला पोचला की उपसायचा. याच एका कामाची टाळाटाळ झाली की वाफे तुंबतात, म्हणून वाफा तुंबला की पहिली तपासणी या टाकीचीच करावी.

पुढे वाफा. आडव्या प्रवाहाच्या वाफ्यात पाणी एका टोकाला शिरतं आणि गिट्टीतून सरकत दुसऱ्या टोकाला निघतं. आपल्यासारख्या उबदार हवेत माणशी ३ ते ५ चौरस मीटर लागतात, म्हणजे इथं किमान ६०० चौरस मीटर. खोली ६० सेंटिमीटर, तळाला अर्धा ते एक टक्का उतार. गिट्टीत पोकळी ४० टक्के धरली तर १४४ घनमीटर पाणी मावतं, आणि रोजच्या पाण्याला साडेसहा दिवसांचा मुक्काम मिळतो. हा मुक्काम हेच औषध. जागा वाचवायला वाफा निम्मा केला की मुक्कामही निम्मा होतो आणि बाहेर येणारं पाणी वास मारतं.

आत शिरण्याच्या आणि निघण्याच्या टोकाला ४० ते ८० मिलिमीटरची मोठी गिट्टी अर्धा मीटर रुंदीत, मधे १० ते २० मिलिमीटरची. गिट्टी धुतलेलीच हवी. क्रशरवरून आलेल्या मालात चुरी असते. मूठभर गिट्टी बादलीत टाकून ढवळा. पाणी गढूळ झालं तर ट्रक परत पाठवा. ही चुरी तळाशी बसून पोकळ्या बुजवते आणि नंतर ती काढायचा मार्ग म्हणजे सगळा वाफा उकरणं. मुरूम तर अजिबात नको.

आकारही महत्त्वाचा. १५ मीटर रुंद, ४० मीटर लांब असा एकच पट्टा केला तर सगळी घाण पहिल्या दोन मीटरांत कोंडते. त्यापेक्षा १५ बाय २० चे दोन वाफे शेजारी शेजारी करावे. तोंड ३० मीटरचं होतं, भार वाटला जातो आणि एकाची दुरुस्ती करताना दुसरा चालू राहतो.

तळ फुटका ठेवून चालत नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. चिकण माती आहे, पाणी मुरणार नाही, या भरवशावर राहिलं की मे महिन्यात सांडपाणी शेजारच्या विहिरीत. काँक्रीट करा, नाहीतर एक मिलिमीटर जाडीचा एचडीपीई प्लॅस्टिकचा कागद वाळूच्या थरावर अंथरा.

उभा वाफा

आडवा वाफा कायम भिजलेला, म्हणजे बहुतांशी हवाबंद. त्यात कुजणारी घाण जाते, पण अमोनिया बराच उरतो. त्यावर उतारा उभ्या प्रवाहाचा. धुतलेल्या जाड वाळूचा अर्धा-पाऊण मीटर थर, खाली गिट्टी आणि निचऱ्याचे पाइप. पाणी एकदम वरून पसरायचं, निथळू द्यायचं, मग पुन्हा. दिवसातून चार ते आठ वेळा. प्रत्येक निथळण्याबरोबर हवा आत ओढली जाते. हीच ती ओहोटी. जागा माणशी १ ते २ चौरस मीटर पुरते, पण पंप लागतो, आणि वाफ्याचे चार भाग करून एकेकाला आळीपाळीनं दोन आठवडे सुकू द्यावं लागतं. उभा आधी आणि आडवा नंतर असे दोन्ही जोडले की अमोनियाचं नायट्रेट आणि नायट्रेटचा वायू, दोन्ही टप्पे पुरे होतात.

डास, वास आणि नितळ पाणी

डासांची भीती रास्त आहे, पण नीट चालणाऱ्या आडव्या वाफ्यात पाणी गिट्टीच्या पाच ते दहा सेंटिमीटर खाली राहतं. वर डबकंच नाही, तर अंडी घालणार कुठे? ही पातळी निघण्याच्या टोकाला बसवलेल्या वळणाऱ्या पाइपनं ठरते, तो खाली केला की पातळी उतरते. गिट्टीवर पाणी दिसायला लागलं तर डासांच्या आधी तुंबण्याचा विचार करा. वासाचंही तसंच, तो भार जास्त झाल्याचा निरोप असतो.

तिसरी शंका जास्त धोक्याची, कारण ती शंका नसून खात्री असते : पाणी नितळ दिसतंय, म्हणजे शुद्ध. कच्च्या सांडपाण्यात विष्ठेतले जिवाणू १०० मिलिलिटरला एक कोटीपर्यंत असू शकतात. वाफ्यानं त्यातले ९९ टक्के मारले तरी एक लाख उरतात. आंघोळीच्या पाण्याची कमाल मर्यादा २,५०० आहे. तेव्हा हे पाणी झाडांच्या मुळाशी, ठिबकनं. कारंजी, गाड्या धुणं, कच्ची खायची भाजी यांसाठी आधी क्लोरीन किंवा अतिनील दिवा हवाच.

जिवाणूंची पावडर आणि तरंगते वाफे

पावडरीबद्दल पंगतीचं उदाहरण पुरेसं आहे. जेवणारे आधीच हजार आहेत, तिथं आणखी पन्नास पाहुणे बोलावून अन्न संपत नाही, वाढपी वाढवले तर संपतं. हवा पुरवणारी यंत्रणा किंवा येणारी घाण थांबवणं याशिवाय टाकलेली पावडर वाहून जाते. तिचा उपयोग ठरावीक ठिकाणी होतो. तेल हे त्यातलं एक. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन इंधन तेल खारफुटीपर्यंत पोचलं. अशा वेळी तेल खाणारे जिवाणू कामाला येतात, पण उपाशी पोटी नव्हे. तेलात कार्बन भरपूर, नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळपास नाही. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर जहाजाचं तेल पसरलं तेव्हा खडकाळ किनाऱ्यावर खत टाकून तिथल्याच जिवाणूंना चालना दिली होती. खारफुटीच्या चिखलात मात्र खताचाही फारसा उपयोग नाही, कारण तिथं हवाच नसते. उलट स्वयंसेवक चिखलात उतरून तेल पुसायला लागले की प्रत्येक पावलाबरोबर ते खोल दाबलं जातं आणि हवेविना वर्षानुवर्षं तसंच राहतं. फळ्या टाकून चालणं, कमी दाबाच्या समुद्राच्याच पाण्यानं तेल बाहेर ढकलणं आणि काथ्यानं किंवा पेंढ्यानं ते टिपणं, एवढंच तिथं सुरक्षित.

तरंगत्या वाफ्यांची मुळं पाण्यात लोंबतात, त्यांवर जिवाणूंचा लेप बसतो, गाळ अडकतो. तत्त्व बरोबर आहे, गफलत आकारात होते. अंबाझरीएवढ्या मोठ्या तलावात चार-पाच वाफे सोडणं म्हणजे विहिरीत तुरटीचा खडा. नाल्याच्या अरुंद तोंडाशी, जिथं सगळं पाणी मुळांखालूनच जाईल, तिथं ते लावले आणि दर तीन-चार महिन्यांनी कापले तर त्यांची मेहनत दिसते.

सगळ्या शहराचं पाणी असं होईल?

नाही. २०११ च्या जनगणनेत शहर २४ लाखांचं होतं. माणशी ३ चौरस मीटर धरले तरी ७२० हेक्टर जागा लागते. पूर्व कोलकात्याची पाणथळ, जी २००२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत ऊन, शेवाळ आणि मासे यांच्या जोरावर पचवते. पण तिचा पसारा १२,५०० हेक्टरांचा आहे आणि ती जागा जुन्या खाऱ्या सरोवरांची, आधीपासून तिथंच होती. आपल्याला भांडेवाडीसारखे सांडपाणी शुद्ध करणारे मोठे प्रकल्प लागणारच. तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तोही चांगलाच वापर आहे. बांधलेली दलदल शोभते ती कडेच्या ले-आउटना, वसतिगृहांना, गावांना, तलावात शिरणाऱ्या छोट्या नाल्यांना. कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर आधी ते वेगळं काढायचं. नाहीतर धातू वाफ्यात साचत जातात, आणि खाडीच्या चिखलासारखी पक्की तिजोरी गिट्टीत नसते.

रोपं आणि पहिलं वर्ष

कर्दळ, पाणकणीस, बोरू. घरांजवळ कर्दळच बरी, दिसायला चांगली आणि गड्डे सहज मिळतात. चौरस मीटरला चार, म्हणजे आपल्या ले-आउटला २,४०० गड्डे. लागवड जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस स्थिरावल्यावर. पहिले सहा आठवडे पाणी गिट्टीच्या पृष्ठभागालगत ठेवा आणि निम्मं साधं पाणी मिसळा, कोवळ्या मुळांना कच्च्या सांडपाण्यातला अमोनिया सोसत नाही. मुळं रुजली की दर आठवड्याला पातळी दोन-तीन सेंटिमीटर उतरवत न्या, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खोल जातात. दिवाळीपर्यंत वाफा दाट होतो. पाण्याची पहिली तपासणी त्यानंतर करा, आधी केली तर निकाल निराश करेल आणि तो वाफ्याचा दोष नसेल. पहिली कापणी जानेवारीत, पाला कंपोस्टला, वाफ्यावर नाही.

मे महिन्यात एक आश्चर्य वाट पाहत असतं. दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडालं तरी ६०० चौरस मीटरवर ६,००० लिटर झाले, म्हणजे आलेल्या पाण्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. बाहेर पाणी कमी येतं, त्यात क्षार वाढलेले असतात, आणि बागेतल्या नाजूक झाडांच्या पानांच्या कडा करपतात. गळती झाली म्हणून वाफा खोदायला घेऊ नका. त्या दोन महिन्यांत बागेला एक दिवसाआड साधं पाणी द्या.